चकतीची डावी बाजू

मी एक जुनी चकती आहे. ॲल्युमिनियमची, गोल, दोघांच्या टेबलाएवढी रुंद आणि अंगभर भोके पडलेली. ज्या शाळेच्या जिन्यात मला टांगले आहे तिथली मुले मला चाळणी म्हणतात. एका मुलीने तर 'गोवर आलेली थाळी' असे नाव ठेवले. मला राग आला नाही. गोवर मला खरोखरच आला होता, फक्त तो एका यंत्राने आणला आणि प्रत्येक पुळीची जागा आधी ठरलेली होती.

मित्रांनो, आत्मवृत्त कसे सांगतात ते मला ठाऊक आहे. आधी जन्म, मग कष्ट, मग कौतुक, शेवटी अडगळ. पण मला इतके सलग सांगता येणार नाही. माझ्यात सलग असा भागच थोडा आहे.

माझ्यावर तीन प्रकारची भोके आहेत. काही ओळखीच्या ताऱ्यांची. त्यांचा प्रकाश कसा आणि किती असतो हे आधीपासून पक्के माहीत असते, म्हणून त्यांच्यावरून बाकीच्यांचे माप जुळवतात. काही रिकाम्या आकाशाची. तिथे मुद्दाम काहीच नसते. पण आकाशाला स्वतःची एक पुसट चमक असते, ती मोजून सगळ्यांतून वजा करावी लागते. उरलेली सगळी संशयितांची.

माझी गोष्ट मी याच भोकांतून सांगते. ओळखीच्या ताऱ्यात फक्त पक्के ते. रिकाम्या आकाशात खोलीतला गोंगाट. आणि संशयितात ते, जे मला अजून खुपते.

*ओळखीचा तारा*

मी आधी नुसता पत्रा होते. एका कारखान्यात मला गोल कापले, किंचित वाकवून यंत्रावर आवळले आणि संगणक सांगेल त्या जागी बारीक भोके पाडली. ते काम दिवसभर चालले. भोके पाडणारा कामगार मधूनमधून तेल सोडायचा आणि यंत्राला म्हणायचा, "सावकाश रे राजा, आकाश आहे ते, भिंत नाही." काम संपल्यावर त्याने मला धुतले, उजेडासमोर धरले आणि एक डोळा मिटून आरपार पाहिले. त्याला समोरची भिंतच दिसली असणार. तरी तो खूश झाला.

प्रत्येक भोक म्हणजे आकाशातल्या एका ठिपक्याचा पत्ता. दुर्बिणीत मला बसवले की आकाशाच्या एका तुकड्यातला एकेक ठिपका बरोबर माझ्या एकेका भोकावर येऊन पडतो. भोकात काचेचा, केसासारखा तंतू खोचलेला असतो. तो आपल्या वाट्याचा प्रकाश उचलतो आणि पुढच्या यंत्राकडे नेतो. तिथे त्या प्रकाशाचे रंग सुटे होतात. सुट्या झालेल्या रंगांच्या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. मी स्वतः काहीच बघत नाही. मी फक्त ज्याला त्याला आपापल्या जागी उभे करते.

आकाशाचा तो एक तुकडा सोडला, तर मी कुठल्याही कामाची नाही. आणि तो तुकडाही वर्षातले थोडे आठवडेच दुर्बिणीच्या आवाक्यात असतो. मग तो मावळतीकडे कलतो आणि माझ्यासारख्या चकतीला कपाटात ठेवतात. तेव्हा माझे आयुष्य मुळातच लहान होते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पुढे जे झाले त्यात घाई का होती, ते कळावे म्हणून सांगते.

*रिकामे आकाश*

तंतू खोचायची खोली. छताला दिव्याच्या दोन नळ्या, त्यातली एक फडफडणारी. ज्या टेबलावर चहा ठेवायला सक्त मनाई आहे, त्या टेबलावर चहाचे दोन कप. खिडकीबाहेर गाड्या उभ्या करायची जागा आणि एक गाडी, जी कुणीही जवळून गेले की ओरडते. रेडिओ. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगते आहे आणि त्याच्या वरताण आवाजात एक बाई सांगते आहे:

"तर माझी नणंद म्हणते, घर घेतलंय तर पडदेही घ्या. मी म्हटलं, अगं बाई, समोर मोकळं मैदान आहे. पडदे लावले तर बघायचं काय, पडदे?"

हे सगळे आता वजा करा.

*ओळखीचा तारा*

वजा केल्यावर दोन माणसे उरतात.

बोलणाऱ्या बाईला सगळे गप्पी म्हणत. माझा उजवा अर्धा भाग तिच्याकडे होता. डावा अर्धा भाग उस्तादांकडे. उस्ताद हे त्यांचे नाव नव्हे. पण इमारतीत जो कुणी तंतू खोचायला शिकला तो त्यांच्या हाताखाली शिकला, म्हणून ते उस्ताद.

काम असे असते. तंतूच्या टोकाला धातूची छोटीशी नळी असते. ती भोकात ढकलायची. शेवटाला ती किंचित अडते आणि मग बसते. ते बसणे दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. ते फक्त बोटाच्या टोकाला कळते. नळी केसभर वर राहिली तरी वरून पाहणाऱ्याला ती बसल्यासारखीच दिसते; पण तिच्या वाट्याचा प्रकाश बाहेर सांडतो. कुठला तंतू कुठल्या भोकात गेला हे नंतर एक यंत्र तपासते. तो किती खोल गेला, हे मात्र यंत्राला कळत नाही. ते बोटाचेच काम.

उस्ताद माझ्याकडे बघतही नसत. खिडकीबाहेर बघत बोटे चालवायचे. गप्पी म्हणायची, "बघा तरी एकदा तिच्याकडे, रुसेल." ते म्हणायचे, "बायको रुसली तरी मी असाच जेवायचो. घास तोंडातच जायचा."

त्यांची लेक त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर तपासनीस होती. दुपारी डबा घेऊन ती खाली यायची.

"काय बाईसाहेब, आज किती पकडले?" उस्ताद विचारायचे.

"बाबा, ते चोर नाहीत."

"मग संशयित का म्हणता?"

"सिद्ध व्हायचं असतं म्हणून."

"तेच तर पोलीसही म्हणतात," उस्ताद म्हणायचे आणि तिच्या डब्यातली भाजी उचलायचे. ती वर गेली की गप्पीला ऐकवायचे, "आधी माझ्या हातातून जातात, मग तिच्या. मधे दुर्बीण आहे, पण ती काय, नुसती निरोप्या."

"आणि मी?"

"तू रेडिओ."

*संशयित*

मित्रांनो, आता थोडे अवघड सांगते. पण तुमच्या पायजम्यात इलॅस्टिक असेल, तर कळेल.

संशयित म्हणजे ज्यांच्यावर क्वेसार असल्याचा संशय आहे ते ठिपके. क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचा धगधगता मध्य. तिथे एक अजस्र कृष्णविवर असते आणि त्यात पडता पडता तापलेला वायू इतका उजळतो की बाकीची दीर्घिका दिसेनाशी होते. फोटोत मात्र तो साध्या ताऱ्यासारखाच दिसतो. कितीही निरखा, ठिपका तो ठिपका. त्याचा वर्णपट काढल्यावरच तो उघडा पडतो, कारण क्वेसारच्या वर्णपटात रुंद उंचवटे असतात. एक हायड्रोजनचा, एक कार्बनचा, एक मॅग्नेशियमचा, असे. प्रत्येकाची जागा ठरलेली.

पण विश्व प्रसरण पावते आहे. प्रकाश वाटेत असताना त्याच्यासकट ताणला जातो आणि ते उंचवटे लाल रंगाच्या बाजूला, म्हणजे कागदावर उजवीकडे, सरकतात. इलॅस्टिकवर पेनाने तीन खुणा करून ते ओढा. खुणा सरकतील, एकमेकींपासून लांब जातील. किती ओढले, ते खुणांवरून सांगता येईल. त्या ओढीच्या मापाला ताम्रसृती म्हणतात. ओढ जितकी जास्त, तितका तो क्वेसार दूरचा आणि तितका त्याचा प्रकाश जुना.

आता समजा, इलॅस्टिकवर एकच खूण दिसते आहे. ती मुळात कुठली खूण होती हे माहीत नसेल, तर ओढ किती ते सांगाल कसे?

तिथेच लेकीचे काम सुरू व्हायचे. संगणक आपला अंदाज देऊन मोकळा होई. मग ती एकेक वर्णपट स्वतःच्या डोळ्यांनी बघे आणि तीनपैकी एक शेरा लिही. 'खात्री'. 'बहुतेक'. 'सांगता येत नाही'. तिसऱ्या शेऱ्यापुढे कारण लिहावे लागे. असे शेरे फार झाले तर ती चकती दुर्बिणीवर पुन्हा चढवत, आणि कारण काय होते याची चौकशी होई.

'खात्री' या शेऱ्यापुढे कारण लिहावे लागत नाही. हे मला आजही विचित्र वाटते.

*ओळखीचा तारा*

माझी पाळी आली. मला खोचले, दुर्बिणीवर चढवले, माझ्या आकाशाखाली धरले. मग उतरवले, तंतू काढले आणि पुन्हा त्याच खोलीतल्या टेबलावर ठेवले. तसे पाहिले तर माझे काम झाले होते.

काही दिवसांनी सकाळी लेक खाली आली. खोलीत कुणी नव्हते. तिच्या हातात छापलेल्या वर्णपटांचा गठ्ठा होता. ज्यांचे काही म्हणता काही कळत नव्हते, असे मरतुकडे वर्णपट. तिने एकेक कागद ज्याच्या त्याच्या भोकावर ठेवायला सुरुवात केली. पत्ते वाटल्यासारखे.

सगळे कागद डाव्या बाजूला आले.

तिने गठ्ठ्याच्या तळातून आणखी चार कागद काढले. ते ओळखीच्या ताऱ्यांचे होते. उजवीकडचे तारे जितके उजळायला हवे तितके उजळले होते. डावीकडचे अर्धेमुर्धेच. आणि ओळखीचा तारा काही एका बाजूला लाजत नाही.

तेवढ्यात गप्पी आली. पर्स खुंटीला लावता लावता तिने टेबल पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलायची थांबली.

"डावी बाजू बाबांचीच ना?" लेकीने विचारले.

"अगं, तंतूही जुने झालेत. साफ करायला हवेत. मी म्हणतच होते की..."

"ताई."

गप्पी स्टुलावर बसली. "मी मागून बोट फिरवते रोज. ते चहाला गेले की. दाबून घेते वर राहिलेल्या नळ्या. पण हिच्या वेळी माझी बाजू संपली आणि आईच्या दवाखान्यातून फोन आला गं. मी तशीच पळाले."

"कधीपासून चाललंय हे?"

"थंडी संपल्यापासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"ते माझे उस्ताद आहेत," गप्पी म्हणाली. "माझं बोट धरून शिकवलंय त्यांनी मला. त्यांच्या बोटांची चहाडी मी करू? तेही त्यांच्या लेकीपाशी?"

*संशयित*

उस्ताद आले तेव्हा कागद पुन्हा गठ्ठ्यात गेले होते आणि गप्पी कसलेसे निमित्त काढून बाहेर गेली होती. लेकीने एक सुटा तंतू घेतला आणि माझ्या डाव्या बाजूच्या एका भोकात अर्धवट उभा केला.

"बाबा, ही बसली का बघा ना. मला नीट कळत नाहीये."

त्यांनी बोट ठेवले. दाबलेही नाही, नुसते ठेवले, नेहमीसारखे. "बसली की."

तिने दोन नखांत धरून नळी उचलली. ती अलगद वर आली.

"परत घाल," ते म्हणाले. तिने परत घातली, पुन्हा अर्धवट. ते आता वाकून बघत होते. मित्रांनो, इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी बोट ठेवले, जरा वेळ घेतला. "आता बसली."

ती नळीही वर आली.

उस्तादांनी दोन्ही हात खिशात घातले. बाहेर ती गाडी ओरडायला लागली आणि कुणीतरी येऊन ती बंद केली.

"कप गरम आहे का गार, तेही ओठाला लावल्यावर कळतं," मग ते म्हणाले. "डॉक्टर म्हणे, टोकांच्या नसा गेल्या. येतील म्हणे, नाही येणार म्हणे. त्यांचंच नक्की नाही."

"घरी बोलला का नाहीत?"

"तू वर्णपट बघतेस. घरी आल्यावर बापाची बोटं कशाला बघशील?"

त्यांनी मानेनेच गठ्ठ्याकडे खूण केली. वरच्या कागदावर एकच उंचवटा होता. बुटका, रुंद, दोन्हीकडून खरखरीने वेढलेला. बाकी रेघ अशी थरथरत होती की त्यातून काहीच ठरत नव्हते.

"मशीन काय म्हणतंय याला?"

"मॅग्नेशियम. म्हणजे जवळचा."

"मग तूही मॅग्नेशियम म्हण. 'खात्री' लाव आणि सोड. लाखो आहेत गं आकाशात, एकानं काय अडतंय?"

"आणि हायड्रोजन असला तर? त्याची खूण मुळात फार डावीकडे असते, इथवर यायला ओढ खूप लागते. मग तो कुठच्या कुठे जातो, बाबा. तो हायड्रोजन असेल तर उंचवट्याची डावी बाजू कुरतडलेली दिसायला हवी, वाटेतल्या वायूच्या ढगांनी खाल्लेली. पण इथे उजेडच इतका कमी आलाय, की खाल्लंय का मुळातच नाहीये, ते समजत नाही."

"नसेल हायड्रोजन."

"कशावरून?"

"तुझ्या बापाच्या नशिबावरून." ते हसायला गेले, पण ते जमले नाही. "हे बघ, एवढे सगळे डावीकडचे परत पाठवलेस तर खाली येऊन कारण विचारतील. कारण मी आहे, पोरी. उद्यापासून इथं कशाला हात लावू देणार नाहीत मला. दुसरं मला काही येत नाही, तुला माहितीय. एक वर्ष दे. तोवर गप्पी फिरवेलच मागून बोट."

लेकीने वर पाहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"चहा प्यायला एवढा वेळ लागतो का कुणाला?"

*रिकामे आकाश*

दिव्याची फडफडणारी नळी. रेडिओ बंद. चहा गार.

वजा करण्यासारखे काही नाही.

*संशयित*

ती वर गेली नाही. तिथेच बसली आणि कागद माझ्यावर ठेवून लिहू लागली. उस्ताद खिडकीपाशी पाठ करून उभे होते. कागद माझ्या अंगावर असल्यामुळे पेनाचा दाब मला कळत होता.

पहिल्या कागदावर तिने लिहिले, 'खात्री'. दुसऱ्यावर लिहिले, 'खात्री'. त्या एका उंचवट्याच्या कागदावरही तिने तेच लिहिले आणि तिथे पेन जोरात दाबले. मग आणखी काही. ती भराभर लिहीत होती. दुखरा दात उपटून घेताना माणूस जसा डोळे मिटतो, तशी.

मग ती थांबली.

का थांबली? मला सांगता येत नाही. तिच्यापुढे तेव्हा एका ओळखीच्या ताऱ्याचा कागद आला होता, एवढे मला माहीत आहे. ज्याची चमक सगळ्या जगाला ठाऊक आहे आणि जो तरीही अर्धाच दिसतो आहे, अशा ताऱ्याचा. त्यावर काय लिहायचे? बहुतेक तिला तिथे काही सुचले नसावे.

तिने लिहिलेले सगळे कागद परत घेतले. प्रत्येक 'खात्री'वर आडवी रेघ मारली. आणि डाव्या बाजूच्या प्रत्येक कागदावर लिहिले: 'सांगता येत नाही. कारण: तंतू पूर्ण बसला नव्हता.'

कोणाकडून बसला नव्हता, ते लिहिले नाही. लिहायची गरज नव्हती.

गठ्ठा उचलून ती दाराकडे निघाली तेव्हा उस्ताद पाठमोरेच म्हणाले, "बापापेक्षा ठिपका मोठा झाला?"

"ठिपका नाही, बाबा."

"मग काय?"

तिने गठ्ठा काखेत घेतला आणि ती जिना चढून गेली.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, तिने बरोबरच केले. मीही आधी तसेच म्हटले. पण त्या दुपारी उस्ताद एकटे माझ्यापाशी बसून सुटा तंतू एकाच भोकात पुन्हा पुन्हा घालून पाहत होते, ते तुम्ही पाहिलेले नाही. प्रत्येक वेळी घातल्यावर ते वाट बघायचे. बोटाला काहीतरी कळण्याची वाट.

*ओळखीचा तारा*

पुढचे पक्के आहे, म्हणून पटकन सांगते.

वरच्या मजल्यावरून तपासनिसांच्या प्रमुख, मोठ्या मॅडम, खाली आल्या. सगळ्यांच्या हातांची तपासणी झाली, म्हणजे उस्तादांचे नाव वेगळे काढावे लागू नये म्हणून सगळ्यांची. उस्तादांना सामानाच्या खोलीवर नेमले. कुणी त्यांना ओरडले नाही. ओरडले असते तर त्यांना बरे वाटले असते. जिन्यात भेटणारे लोक एकदम आदराने बोलू लागले आणि ते त्यांना सहन होईना.

माझे आकाश मावळतीला कलत होते. उशीर झाला असता तर मी कायमची कपाटात गेले असते. पण मला पुन्हा खोचले आणि पुन्हा चढवले, आणि यावेळी डाव्या बाजूलाही पुरेसा प्रकाश आला.

तो एकच उंचवटा आता उंच आणि स्वच्छ दिसत होता. त्याची डावी बाजू कसर लागलेल्या लोकरीसारखी कुरतडलेली होती. वाटेतल्या वायूच्या ढगांनी जागोजाग खाल्लेली. उजवीकडे, आधी खरखरीत बुडालेला, कार्बनचा दुसरा उंचवटा नेमका त्याच्या जागी. म्हणजे पहिला हायड्रोजनच. विश्वाचे वय आजच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढे होते, तेव्हा तो प्रकाश तिथून निघाला होता. संगणकाने त्याला जवळच्या गल्लीतला ठरवले होते. लेकीने त्याच्यापुढे लिहिले, 'खात्री'.

हे सांगायला ती सामानाच्या खोलीत गेली. गप्पी तिच्यामागून गेली होती आणि परत येऊन सगळे बोलली, म्हणून मला कळले. उस्तादांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे मी तो हरवलाच होता."

"पण सापडला ना, बाबा."

"तुला सापडला. मी हरवला होता." आणि ते खोकी मोजायला वळले.

तिला वाटले होते, या बातमीने सगळे पुसले जाईल. गप्पीलाही तसेच वाटले होते. पुसले गेले नाही. ती दोघे घरी एकाच टेबलावर जेवायची, पण ते तिच्या डब्यातले पुन्हा काही उचलेनात. पुढे कधी उचलू लागले का, ते मला माहीत नाही. माझे काम संपले, मला आधी कपाटात आणि मग शाळेच्या या जिन्यात पाठवले.

*संशयित*

निकाल मी मुद्दाम आधी सांगून टाकला. कारण मला शेवटी सांगायचे आहे ते त्याच्याही आधीच्या एका दुपारचे: मला दुसऱ्यांदा खोचले त्या दुपारचे. ते कुठल्या भोकात घालावे, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

उजवी बाजू गप्पीने केली. डाव्या बाजूला माणूस नव्हता. नवा माणूस यायला वेळ होता आणि आकाश थांबणार नव्हते. लेक म्हणाली, मी करते. तिने हे काम कधी केलेले नव्हते. पहिला तंतू तिच्या हातातून निसटून टेबलाखाली गेला. दुसरा गुंतला.

दार उघडून उस्ताद आत आले. त्यांना कुणी बोलावले नव्हते. त्यांनी कुणाकडे पाहिले नाही. लेकीच्या शेजारी स्टूल ओढले, तंतूंची जुडी मांडीवर घेतली आणि एकेक तंतू सोडवून तिच्यापुढे धरू लागले. हे सर्वांत खालचे काम असते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच देतात. तंतू सोडवायला बोटाला कळावे लागत नाही, डोळ्यांनी भागते.

गप्पीने रेडिओ बंद केला.

"घे," उस्ताद म्हणायचे.

"हं," ती म्हणायची.

असे बराच वेळ चालले. डावी बाजू भरत आली. मग एका भोकाशी ती जरा अडली, दाबले, आणि पुढच्या तंतूसाठी हात पुढे केला. त्यांनी तंतू दिला नाही.

"बसली ती?"

"बसली."

"खात्री?"

तिने त्यांच्याकडे पाहिले. त्या एका शब्दात राग किती आणि शिकवण किती, ते मला वेगळे काढता आले नाही. तिलाही आले नसावे. तिने नळीवर पुन्हा बोट ठेवले. डोळे मिटले. मग नळी बाहेर काढली.

"नाही बसली, बाबा. मला नीट कळत नाहीये."

उस्तादांनी खिशातून आपला हात काढला. तिचे बोट धरून नळीवर ठेवले आणि त्यावर आपले, काही न कळणारे बोट ठेवून दाबले. "अडली?"

"अडली."

"अजून."

"हां. आता... आता बसली."

"मला कळलं नाही," ते म्हणाले. "तू सांगशील ते."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी माझ्यासारखीने म्हणायचे असते, मला पुसा, मला जपा. माझे काय, मी पत्रा आहे. धुळीने मला काही होत नाही. पण तुमच्या घरात कुणाचे तरी हात असतील, ज्यांच्या भरवशावर तुम्ही दुसरीकडे बघत जगता. त्या हातांतून कधी काही निसटेल. तेव्हा मागून गुपचूप बोट फिरवून ते झाकू नका, आणि कागदावर शेरा लिहूनही मोकळे होऊ नका. आधी जवळ बसा. तो हात हातात घ्या. काय होते आहे, ते विचारा.

आणि उत्तर आले, "काही नाही गं, काही नाही रे", तर तेवढ्यावर 'खात्री' लिहू नका.